खंजिरी कुठे हरवली? एका भजन मंडळाच्या स्पीकरांचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

अमरावती जिल्ह्यातलं कापूस-तुरीचं एक गाव. गावाचं नाव आणि माणसांची ओळख इथे दिलेली नाही. तुकडोजी महाराजांचं जन्मगाव यावली आणि त्यांचा मोझरीचा गुरुकुंज आश्रम याच जिल्ह्यातले, त्यामुळे खंजिरी भजन इथल्या पोरांच्या कानावर पाळण्यापासून पडतं. दिवाळीनंतर, कापसाची वेचणी सुरू असतानाच, या गावात खंजिरी भजनाची स्पर्धा होते. पंचक्रोशीतली मंडळं येतात. देवळापुढच्या टिनाच्या शेडात मंच, समोर पटांगणात सतरंज्या, एका बाजूला बाया, एका बाजूला माणसं, आणि मागे रस्त्यापर्यंत, पानठेल्यापर्यंत उभी असलेली गर्दी.

खंजिरीबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे, कारण सगळं प्रकरण तिच्यावरच फिरतं. लाकडी कडं, एका अंगाला ताणलेलं कातडं, कड्याच्या खाचांत पितळी चकत्या. एका हातात धरायची, दुसऱ्या हाताची बोटं चालवायची. प्रत्येक ठोक्यात दोन आवाज असतात: कातड्याचा टणक, तोकडा ठोका आणि त्याला लागून येणारी चकत्यांची छनक. रंगात आलेला वादक सेकंदाला सात-आठ ठोके सहज काढतो. म्हणजे दोन ठोक्यांत सेकंदाच्या सातव्या-आठव्या भागाइतकीच मोकळी जागा उरते. त्या जागेत मागच्या ठोक्याची शेपटी येऊन बसली की खंजिरी संपली, उरतो तो नुसता गोंगाट.

पूर्वी इथे भोंगे होते. मग मंडळाने वर्गणी काढून तालुक्याच्या गावातल्या एका कारागिराकडून मोठा संच बनवून घेतला: जाड सुरांसाठी १८ इंची स्पीकरचे दोन बेस, आणि बाकीच्या सुरांसाठी १५ इंची स्पीकर आणि कर्ण्याचा ड्रायव्हर (बारीक सुरांचा लहान स्पीकर) असलेले दोन टॉप. मागच्या गर्दीसाठी जुने दोन भोंगे रस्त्याकडेच्या खांबावर तसेच राहू दिले.

अडचण

नव्या संचावर पहिली स्पर्धा झाली आणि तक्रारी सुरू झाल्या. आवाज भरपूर होता, छातीत घुमत होता. पण मंडळाचे ज्येष्ठ खंजिरीवादक, ज्यांना सगळं गाव काकाजी म्हणतं, मंचावरून उतरले ते हेच बोलत: "आवाज तं मोठा हाये बाप्पा, पन माही खंजिरी कुठी गेली?" बायांच्या बाजूला भजनाचे शब्द कळत नव्हते. मागे उभ्या माणसांना प्रत्येक ओळ दोनदा ऐकू येत होती. परीक्षकांनी तर एका मंडळाला ताल सुटल्याबद्दल गुण कापले, आणि त्या मंडळाचं म्हणणं होतं की ताल सुटला नाही, स्पीकरने सोडला. मला हा आक्षेप फार गंभीर वाटला. वर्षभर रियाज करून आलेल्या माणसाच्या हाताचा न्याय खोक्याने करावा, हे बरोबर नाही.

पुढच्या स्पर्धेआधी काहीतरी करायचं ठरलं, तेव्हा मंडळाने मला बोलावलं.

तपासात काय दिसलं

संच चालवणाऱ्या तरुणाचं निदान तयार होतं: "सर, कोन जड आहे. जड कोन स्लो वाजते. हलका कोन टाकला का फास्ट होते." कोन म्हणजे स्पीकरचा पुढे-मागे हलणारा पडदा. हा समज गावोगावच्या साउंडवाल्यांत आहे, शहरातल्या हौशी लोकांतही आहे, आणि दिसायला पटणारा आहे. म्हणून आधी त्याचीच तड लावली.

आजचा स्पीकर १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी दाखवलेल्या रचनेवर उभा आहे: चुंबकाच्या फटीत तारेची कॉइल, तिला चिकटलेला कोन. कॉइलमधून जितका प्रवाह, तितका जोर. कोन जड असला तर त्याच जोराला तो कमी हलतो, म्हणजे आवाज लहान येतो. पण उशिरा येत नाही. ६० हर्ट्झचा सूर सेकंदाला ६० हेलकावेच मागतो. त्यापेक्षा चपळ हलला तर तो सूरच ६० हर्ट्झचा राहणार नाही. बेसच्या स्पीकरला वरचे सूर जमत नाहीत त्यात कोनाच्या वजनाइतकाच, बरेचदा जास्तच, वाटा कॉइलच्या इंडक्टन्सचा, म्हणजे झपाट्याने बदलणाऱ्या प्रवाहाला अडवण्याच्या तिच्या गुणाचा, असतो. आणि हवेत निघाल्यावर जाड-बारीक सगळे सूर एकाच वेगाने पोचतात.

मग कानाला आवाज सुस्त का वाटतो? कारण तो वेळेवर थांबत नाही, आणि त्याचे तुकडे एकत्र पोचत नाहीत. या दोन्ही गोष्टी खोकं, क्रॉसओव्हर (जाड-बारीक सूर वेगवेगळ्या स्पीकरांना वाटून देणारी गाळणी) आणि मांडणी ठरवतात.

पहिला संशय बेसच्या खोक्यावर होता. समोर पोर्टची भोकं असलेली ही खोकी, पण स्पीकरच्या मानाने लहान. मोबाइलवरून सूर वाजवत एकेक हर्ट्झने वर नेला आणि पोर्टसमोर उदबत्ती धरली. साधारण ६३ हर्ट्झला धूर जोरात आत-बाहेर फेकला जाऊ लागला, आणि त्याच क्षणी १८ इंची कोन जवळजवळ स्थिर दिसला. म्हणजे तिथे आवाज कोन काढत नव्हता, पोर्टमधली हवा काढत होती. पोर्टच्या खोक्याचं ट्यूनिंग ते हेच. अशा खोक्याचा फायदा खरा आहे, कमी ताकदीत जास्त बेस मिळतो. पण ती हवा म्हणजे झोका आहे. ढकलणं थांबवलं तरी दोन-चार हेलकावे घेतल्याशिवाय ती थांबत नाही. ट्यूनिंग ६३ ला, म्हणजे ढोलकीच्या धुमेच्या (तिच्या जाड ठोक्याच्या) अगदी शेजारी, आणि वर तिथेच आवाजाचा उंचवटा असल्यामुळे प्रत्येक धुमेला शेपूट फुटत होतं.

खोक्याच्या बाजूच्या फळीवर तळहात टेकवला, तेव्हा फळीही वेगळीच वाजत होती. पातळ प्लाय, आतून एकही आडवी पट्टी नाही.

टॉपमध्ये दुसरी गोष्ट सापडली. ड्रायव्हरला जाड सूर अडवायला नुसता एक कपॅसिटर लावलेला, आणि १५ इंची स्पीकरला काहीच गाळणी नाही. तो साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत आणि त्याच्याही वर वाजत होता. आता १५ इंची कोनाचा हलणारा व्यास साधारण ३३ सेंटिमीटर. १ किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जवळपास तेवढीच. त्याच्या वरचे सूर असा कोन समोर झोतासारखे फेकतो, बाजूला कमी-कमी देतो. टॉपच्या नेमक्या बाजूला बाया बसत होत्या. मराठीतले त, च, क हे वर्ण ज्याने ओळखू येतात तो भाग बराचसा २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असतो. तिकडे तो पोचतच नव्हता. शिवाय ड्रायव्हर कर्ण्याच्या मागे १७ सेंटिमीटर आत. त्याचा आवाज अर्धा मिलिसेकंद मागून यायचा, आणि दोघं एकत्र वाजत असल्यामुळे ३ किलोहर्ट्झच्या आसपास एकमेकांना खायचे. माइक लावून मोजलं तर तिथे खोल खळगा दिसला. खंजिरीचा ठोका एका भागातून, छनक दुसऱ्यातून, आणि दोघांना जोडणारा धागा तुटलेला.

तिसरी गोष्ट मांडणीची. बेस मंचाच्या पुढे जमिनीवर, टॉप मंचाच्या कोपऱ्यांवर, अंतर १.७ मीटर. म्हणजे ५ मिलिसेकंद. बेस आणि टॉप जिथे जुळतात त्या १०० हर्ट्झला ५ मिलिसेकंद म्हणजे बरोबर अर्धं आवर्तन. एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. ढोलकीचा भरणा तिथेच गळत होता, म्हणून चालवणारा पोरगा बेस वाढवत होता, आणि वाढत होती ती ६३ ची गुमगुम. त्याचा कान चुकत नव्हता, त्याच्या हातातला खटका चुकीच्या जागी पोचत होता.

मागचे भोंगे मंचापासून ५५ मीटरवर. विजेचा सिग्नल तिथे ताबडतोब, मंचावरचा आवाज मात्र हवेतून १६० मिलिसेकंदांनी. एकाच आवाजाच्या दोन प्रती तीस-चाळीस मिलिसेकंदांच्या आत आल्या तर कान त्यांना एकच मानतो, हे हेल्मुट हास यांनी १९४९ च्या सुमारास दाखवलं. १६० म्हणजे सरळ प्रतिध्वनी.

कोणते पर्याय समोर होते

बैठक देवळातच झाली. एक मत: सगळं विकून परत भोंगे आणा. हे मत हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतंच. भोंग्यात लहानसा हलका पडदा आणि पुढे दुमडलेला कर्णा असतो; कर्णा पडद्याची हवेशी नीट गाठ घालून देतो. उघडा स्पीकर विजेच्या एक-दोन टक्क्यांचाच आवाज करतो, भोंगा त्याच्या कितीतरी पट करतो. वाजतो तो काहीशे हर्ट्झपासून पाच-सहा हजारांपर्यंत, म्हणजे शब्दांच्या पट्ट्यात. म्हणून म्हाताऱ्यांना भोंगा स्पष्ट वाटायचा आणि ते खरंच होतं. पण पेटीचा गाभा, ढोलकीची धूम त्यात नाही, आणि छनकेचं वरचं टोक कापलेलं. खंजिरी त्यात डबा वाजल्यासारखी येते.

दुसरं मत तरुणांचं, हलके १२ इंची स्पीकर घ्यायचे. त्याच खोक्यांत तेही तसेच घुमले असते. तिसरं, नागपूरहून भाड्याने मोठा संच आणायचा. एका रात्रीसाठी ते चाललं असतं, पण रोजच्या सायंकाळच्या प्रार्थनेला आणि पुढच्या वर्षांना त्याचा उपयोग नाही.

चौथा पर्याय मी मांडला: आहे तोच संच दुरुस्त करायचा. सुरांची वाटणी आणि विलंब ठरवणारा एक डिजिटल प्रोसेसर, एक वापरलेला अँप्लिफायर, आणि सुताराचं काम.

कळीचा निर्णय: पोर्ट बुजवायचे का?

सगळ्यात जास्त वाद यावर झाला. पोर्ट बंद केले की बंद खोकं तयार होतं. एडगर विल्चर यांनी १९५४ साली ए.आर.-१ या लहान बंद स्पीकरने दाखवून दिलं होतं की आत कोंडलेली हवाच कोनाची स्प्रिंग होऊ शकते आणि बेस आटोपशीर राहतो. बंद खोक्याचा बेस खाली उतरताना सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो, पोर्टवाल्याचा २४ ने. उतार जितका तीव्र तितकी शेपूट लांब, हा नियमच आहे. पण पोर्ट बुजवले की ६३ च्या आसपास आवाज चांगलाच कमी होणार, आणि गणपतीच्या मिरवणुकीला याच बेसवर पोरं नाचतात.

"मंग मिरवणुकीत काय वाजवाचं?" हा प्रश्न पोरांनी केला आणि तो रास्त होता. वर्गणी त्यांनीही दिली होती. भजन थोर आणि नाच थिल्लर, असा निवाडा करायचा अधिकार मला कोणी दिलेला नव्हता. तोडगा गावच्या सुतारकाकांनी काढला: पोर्टवर जाड प्लायची झाकणं, कडेने सायकलच्या ट्यूबची रबरी पट्टी, आणि चार-चार बोल्ट. भजनाला बंद, मिरवणुकीला उघडं.

प्रत्यक्ष काम

खोक्यांच्या आत सागाच्या आडव्या-उभ्या पट्ट्या ठोकल्या. फळीवर हात ठेवला तर आता फारसं काही जाणवत नव्हतं. आतल्या भिंतींना गादीवाल्याकडून पिंजून आणलेला कापूस पातळ कापडात शिवून लावला. तंतूंमुळे हवा थोडी सैल वागते आणि खोकं असतं त्यापेक्षा जरा मोठं असल्यासारखं वाजतं.

टॉपमध्ये कपॅसिटर काढला, दोन्ही भागांना वेगळा अँप्लिफायर दिला आणि १.८ किलोहर्ट्झवर सप्तकाला २४ डेसिबलच्या लिंकविट्झ-रायली नावाच्या, दोन भाग सलग जुळवणाऱ्या गाळणीने त्यांची हद्द आखली. याहून खाली आणलं असतं तर बाजूला अजून बरं पसरलं असतं, पण या ड्रायव्हरचा लहान पडदा मोठ्या आवाजात टिकला नसता. १५ इंचीला अर्ध्या मिलिसेकंदाचा विलंब दिला. ३ किलोहर्ट्झचा खळगा भरून आला.

बेस मागे सरकवून टॉपच्या खालीच ठेवले. प्रोसेसरने ५ मिलिसेकंदही देता आले असते, पण जे हाताने सरकवून होतं ते सरकवावं. उद्या प्रोसेसरची सेटिंग कुणी बदलली तरी जागा बदलत नाही. टॉप किंचित खाली झुकवले, म्हणजे झोत टिनाकडे न जाता माणसांकडे जाईल. भोंग्यांना १७० मिलिसेकंदांचा विलंब दिला, हवेतल्या वेळेपेक्षा थोडा जास्त, म्हणजे कानाला आवाज मंचाकडूनच आला असं वाटतं. हे गणित नोव्हेंबरच्या रात्रीचं, १८ अंशांना ध्वनी सेकंदाला ३४२ मीटर जातो असं धरून. मे महिन्यात ४५ अंशांना तो ३५८ च्या आसपास जातो, तेव्हा सुमारे सात मिलिसेकंद कमी करावे लागतील. हे मिक्सरच्या झाकणावर लिहून चिकटवलं आहे.

गाणाऱ्यांच्या आणि खंजिरीच्या माइकला १०० हर्ट्झखालचं सगळं कापलं. खंजिरीचा माइक ढोलकीच्या स्टँडवरून काढून वादकाच्या बाजूला, वीतभर अंतरावर, स्वतंत्र लावला.

मग परीक्षा. मोकळ्या शेतात काकाजींची खंजिरी जवळून रेकॉर्ड केली. नंतर पटांगणात कनात बांधून तिच्यामागे टॉप आणि टॉपशेजारी काकाजी. कधी ते वाजवणार, कधी रेकॉर्डिंग, समोरच्यांनी ओळखायचं. विल्चर यांच्या कंपनीने अमेरिकेत एका तंतुवाद्य चौकडीला घेऊन असे जाहीर प्रयोग केले होते. आमच्याकडे एकेका ठोक्यावरून कोणालाही खात्रीने सांगता आलं नाही. लांब बोल वाजवला की जाणकार ओळखत होते, मुख्यतः छनक स्पीकरमधून अंमळ कोरडी येत होती म्हणून. काकाजी स्वतः पुढे येऊन बसले, रेकॉर्डिंग ऐकलं आणि म्हणाले, "हे माहीच खंजिरी. अंगठ्याचा दाब आयकू येऊन रायला."

निकाल

स्पर्धेच्या रात्री आवाज आदल्या वर्षीपेक्षा कमी ठेवला गेला, कोणी सांगितलं म्हणून नाही, तर वाढवायची गरज पडली नाही म्हणून. बायांच्या बाजूला शब्द पोचले. मागे दुहेरी ओळ बंद झाली. परीक्षकांना दोन मंडळांच्या हातातला फरक सांगता आला: एकाचा ठोका बोटांच्या टोकाचा, दुसऱ्याचा पंज्याचा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. आदल्या वर्षी शब्द कळले नाहीत म्हणून मंडळांनी भजनं पुन्हा म्हटली होती, तसा वेळ या वेळी गेला नाही आणि कार्यक्रम वेळेत आटोपला.

सगळेच खूश नव्हते. "यंदा दम नाही" असं पानठेल्यावर बरेच जण म्हणाले. झाकणं उघडून मिरवणूक निघाली तेव्हाही पोरांना पूर्वीइतका दणका मिळाला नाही, कारण पट्ट्यांनी खोक्याची जागा खाल्ली होती. ती नाराजी अजून आहे.

वेगळं काय करता येईल

असं काम पुन्हा कोणी हाती घेतलं तर सुरुवात माइकपासून व्हावी. खंजिरीचा माइक हलवल्याने जेवढा फरक पडला तेवढा खोक्याच्या कुठल्याही एका दुरुस्तीने पडला नाही, आणि त्याला खर्च काहीच नव्हता. आधी माइक, मग जागा आणि विलंब, मग क्रॉसओव्हर, शेवटी सुतार, असा क्रम ठेवला तर प्रत्येक टप्प्याला थांबून ऐकता येतं आणि कदाचित काही पैसे वाचतात.

कापूस हा चुकीचा माल ठरला. पावसाळ्यात तो ओल धरून खाली बसला आणि एका खोक्यात उंदरांनी घर केलं. उशांत भरतात तो पॉलिस्टरचा धागा वापरावा.

बेस आणि टॉप यांची हद्द १०० ऐवजी ८० हर्ट्झला ठेवली असती तर ढोलकीचा बराचसा आवाज एकाच स्पीकरमधून, आणखी सलग आला असता असं मला वाटतं; तो प्रयोग करून पाहायचा राहिला आहे. मिरवणुकीसाठी वेगळे, मुळातच मोठे बनवलेले पोर्टचे बेस घ्यावेत आणि या खोक्यांची झाकणं कायमची बसवावीत, असा ठराव पोरांनीच मंडळापुढे ठेवला आहे. सुतारकाका त्याच्या मापांसाठी थांबले आहेत, आणि ती मापं स्पीकरच्या थील-स्मॉल आकड्यांवरून (स्पीकर खोक्यात कसा वागेल हे सांगणाऱ्या आकड्यांवरून) काढायची असल्याने कोणता स्पीकर घ्यायचा हे आधी ठरायला हवं.